व्हॅनमधला फॅन रात्री दोनला बंद पडतोय? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे बघा

सोलापुरात व्हॅनमध्ये राहायचं म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत सगळं फॅनवर असतंय, आणि तो फॅन चालतो छतावरच्या सोलर पॅनलनं भरणाऱ्या वेगळ्या बॅटरीवर. दिवसा पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याचं छत रात्री उशिरापर्यंत गरम राहतं, आणि फॅन थांबला की पाच मिनिटांत माणूस घामाघूम उठून बसतो. आणि हा फॅन थांबतो नेमका दोन-तीनच्या दरम्यान. माझ्या स्वतःच्या ईकोत, ओळखीच्यांच्या ओम्नीत, एका विंगरमध्ये, हाच फॉल्ट मी परत परत काढलाय आणि दरवेळी गाडीवाल्याचं वाक्य ठरलेलं, "बॅटरी गेली वाटतं, नवीच टाकू का?"

थांबा जरा. १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी बारा-पंधरा हजाराला पडते. आपण व्हॅनमध्ये राहतोय ते घरभाडं वाचावं म्हणून, आणि चांगली बॅटरी भंगारात घालून नवी घेतली तर कित्येक महिन्यांचं वाचवलेलं एका दुपारीच गेलं. त्यात खरा फॉल्ट तसाच राहिला तर नवी बॅटरीपण त्याच वाटेनं जाते. मला जेवढ्या गाड्या बघायला मिळाल्या त्यात बहुतेक वेळा बॅटरीचा दोष नव्हता, ती कधी पूर्ण भरतच नव्हती.

म्हणून तीन प्रश्न डोक्यात ठेवा आणि याच क्रमानं चला. बॅटरी भरतेय का? तिच्यातून कोण जास्त ओढतंय का? आणि भरलेलं ती धरतेय का? पहिल्या दोनांचं उत्तर मिळाल्याशिवाय तिसऱ्यावर जायचं नाही, कारण तिसऱ्याचं उत्तर महाग असतंय.

(मी साध्या पाण्याच्या, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीबद्दल बोलतोय, कारण स्वस्तात राहणाऱ्या बहुतेकांकडं तीच असते. लिथियमवाल्यांसाठी शेवटाकडं वेगळं लिहिलंय.)

आधी लक्षणं नीट ओळखा

फॅन बंद पडला एवढं सांगून उपयोग नाही, कसा बंद पडला ते सांगा.

- रोज घड्याळ लावल्यासारखा एकाच वेळी बंद होतो, आधी स्पीड कमी होत नाही: सोलर कंट्रोलरचा (पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग सांभाळणारा डबा) टायमर. बॅटरी बिचारी ठीक असते.
- स्पीड हळूहळू कमी होत जातो, मग इन्व्हर्टर टूं टूं करतो: बॅटरी खरंच रिकामी होतेय, किंवा वायरमध्ये व्होल्ट पडतोय.
- लांब गाडी चालवली त्या रात्री चांगला चालतो, दोन दिवस एका जागी थांबलं की बंद: सोलर पुरत नाही.
- सकाळी नऊ-दहालाच कंट्रोलर "फुल्ल" दाखवतो आणि रात्री बारालाच बॅटरी बसते: यात खरंच बॅटरीवर संशय घ्या, तिची वीज साठवायची टाकीच जणू लहान झालेली असते, म्हणून पटकन भरते आणि पटकन संपते.
- खड्ड्यातून गेलं की लाइट लुकलुकतात: जॉइंट ढिला.
- एकाच सेलमध्ये (बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एकात) सारखं पाणी कमी होतंय: तो सेल जायच्या मार्गावर.
- फॅन तर बंदच, वर सकाळी गाडीचा सेल्फपण मारत नाही: दोन बॅटऱ्या वेगळ्या करणारा रिले चिकटलाय, रात्रभर फॅननं इंजिनची बॅटरीपण संपवली.

तीन रीडिंग, तीन दिवस

काहीही उघडायच्या आधी एक वही घ्या आणि तीन दिवस फक्त व्होल्ट लिहा. कंट्रोलरवर दिसतो तो चालेल, पण साधा डिजिटल मल्टिमीटर घेतलात तर उत्तम, तीनशे-चारशेत मिळतो आणि व्हॅनमध्ये राहणाऱ्याकडं तो असायलाच पाहिजे. बॅटरीच्या खांबावरच (टर्मिनलवर) लावून मोजायचं, सॉकेटवर नाही.

पहिलं रीडिंग सूर्य मावळल्यावर तासाभरानं. लगेच मोजलं तर चार्जिंगचा वरवरचा व्होल्ट दिसतो, १३ दिसतंय म्हणून माणूस खूश होतो आणि आत काहीच नसतं. दुसरं झोपताना. तिसरं सकाळी ऊन पॅनलवर यायच्या आधी, फॅन-लाइट सगळं बंद करून अर्धा तास थांबून.

विश्रांतीतल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सकाळी १२.२ च्या खाली रोज जात असेल तर बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. इन्व्हर्टर १०.५ ला बंद होतो म्हणून तिथपर्यंत चालवायचं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो इन्व्हर्टरचा शेवटचा आकडा आहे, बॅटरीला तिथपर्यंत रोज नेलं की ती संपली.

आता वहीत बघा. संध्याकाळचाच आकडा १२.४-१२.५ असेल तर प्रश्न भरण्याचा. संध्याकाळी १२.७ आणि सकाळी ११.८ असेल तर प्रश्न ओढण्याचा किंवा धरण्याचा. एवढ्यानंच निम्मं काम होतंय.

फुकटातल्या तपासण्या

*कंट्रोलरचा टायमर.* स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टवर चालवणारा साधा प्रकार) बल्बचं चित्र असलेले दोन टर्मिनल असतात, लोक त्यावर फॅन जोडतात. ते आउटपुट मुळात रस्त्यावरच्या सोलर दिव्यासाठी केलेलं असतं, अंधार पडला की चालू आणि अमुक तासांनी बंद. मेनूमध्ये जाऊन ते २४ तास चालू या मोडवर करा. बहुतेक कंट्रोलरवर तासांच्या जागी २४ एच दिसतं. आणि बॅटरीची वायर एकदा काढून लावली की काही कंट्रोलर ही सेटिंग विसरतात, म्हणून परवा केलं होतं म्हणून सोडू नका, परत बघा.

*सावली.* सोलापुरातली खरी अडचण हीच आहे. आपण गाडी लावतो कडुनिंबाखाली, कारण उन्हात लावली तर आत भट्टी होते, आणि पॅनल बिचारं छतावर त्याच सावलीत. आता पॅनलमधले सेल एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळं एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तर तेवढाच कोपरा कमी होत नाही, मोठा भागच बसतो. कॅरियरच्या दांडीची बारीक सावली, वर बांधलेला पाण्याचा कॅन, एवढ्यानंपण करंट निम्म्यावर येतो. दुपारी बारा ते तीन एकदा स्वतः वर चढून बघा सावली कुठून कुठं सरकते ते.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे छतावरचं पॅनल राहू द्या पण एक पॅनल सुटं ठेवा, सात-आठ मीटर वायरवर. गाडी झाडाखाली, पॅनल उन्हात. चोरीची भीती असते, म्हणून जवळ बसणार असाल तेव्हाच बाहेर काढा.

*ऋतू.* मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, छतावर आडवं पॅनल तेव्हा छान चालतं. गड्ड्याची जत्रा येते त्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, सूर्य दक्षिणेकडं कललेला, दुपारीसुद्धा ५० अंशाच्या आसपासच चढतो, आडव्या पॅनलला पाव ऊन कमीच मिळतं. तेव्हा फॅन लागत नाही म्हणून कळत नाही एवढंच. खरा त्रास ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत, उकाडापण असतो आणि ऊनपण नसतं. तेव्हा बॅटरी बसली तर तो फॉल्ट नाही, चार्जिंग कमी आहे, दुसरीकडून भरायची सोय करा.

*धूळ आणि खार.* पॅनल पुसा. पण सकाळी लवकर, काच थंड असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. आणि बोअरचं पाणी वापरलं तर ते तसंच वाळू देऊ नका, आपल्याकडचं पाणी जड, काचेवर पांढरा थर धरतो आणि तो नंतर निघत नाही. ओल्या मऊ फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा.

कागदावरचा हिशोब, याला टाळू नका

हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फॉल्ट इथंच निघतात. एका काकांची गाडी सांगतो. रिटायर्ड माणूस, व्हॅनमध्ये राहून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असं फिरत असतात. त्यांनी घरातला टेबल फॅन इन्व्हर्टरवर लावला होता, पॅनल १६५ वॉटचं, बॅटरी १०० एएच. तीन वेळा बॅटरी दाखवून आले होते, दुकानदार दरवेळी म्हणायचा बॅटरी चांगली आहे, आणि तो खरंच बोलत होता.

हिशोब असा. घरचा साधा फॅन ७० ते ७५ वॉट. इन्व्हर्टरमध्ये काही वाया जातंच, आणि इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतःसाठी थोडं खातो. सगळं धरून बॅटरीतून ९०-९५ वॉट, म्हणजे साडेसात अँपिअर. नऊ तास चालला की जवळजवळ ७० एएच गेले. १०० एएचच्या बॅटरीतून आपण रोज ५० च्या वर काढायचे नसतात. मग रात्री दोनला बंद नाही पडणार तर काय होणार.

आता भरण्याची बाजू. १६५ वॉटचं पॅनल आपल्या उन्हात दिवसाला पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढं काम करतं असं धरा, गरम पत्रा, धूळ, वायर यात तीस टक्के घालवा. एप्रिलमध्ये छतावर पॅनल ६५ अंशाच्या वर सहज तापतं आणि तापलेलं पॅनल कमी देतं, ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं नसतंय. राहतात ५८० वॉट-तास, म्हणजे ४५ एएचच्या आसपास. रोज ७० जातात, ४५ येतात.

काकांना १२ व्होल्टचा डीसी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फॅन घ्यायला लावला, २८ वॉटचा, थेट बॅटरीवर. सव्वादोन अँपिअर, नऊ तासात २१ एएच. त्याच बॅटरीवर, त्याच पॅनलवर, रात्रभर फॅन, वर दोन एलईडी आणि मोबाइल. रात्री इन्व्हर्टरचं बटण पूर्ण बंद करायची सवय पण लावली.

तुमच्या गाडीतलं असंच एकेक लिहा: वॉट भागिले १२ म्हणजे अँपिअर, गुणिले तास. लॅपटॉप चार्जर ६० वॉट. छोटा १२ व्होल्टचा फ्रीज कंप्रेसर चालू असताना ४५-५० वॉट, आणि उन्हाळ्यात तो फारसा थांबतच नाही. येणं जाण्यापेक्षा कमी असेल तर पुढचं काहीही तपासू नका, आधी फॅन बदला नाहीतर पॅनल वाढवा.

वीस-पन्नास रुपयांतली कामं

टर्मिनल. बॅटरीच्या खांबावर पांढरी-हिरवी पावडर दिसली की तिथं करंट अडतोय. आधी पॅनलची वायर काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. हा क्रम का, तर निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर तिथंच ठिणगी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासा, पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. जोडताना उलटा क्रम: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, शेवटी पॅनल.

फ्यूज. पट्टीचा फ्यूज जळलेला नसला तरी त्याचा होल्डर बघा. चायना होल्डर आतून वितळून काळा पडतो, फ्यूज ठीक दिसतो आणि करंट निम्माच जातो. काळा दिसला की होल्डर बदला. आणि बॅटरीपासून वीतभरात मेन फ्यूज नसेल तर आजच बसवा, हे नंतर करू असं काम नाही. झोपायच्या गादीखालून वायर गेलेल्या असतात आपल्याकडं.

आता मल्टिमीटर

*वायरमधला व्होल्ट.* इन्व्हर्टरवर लॅपटॉप किंवा काहीतरी दमदार लोड लावा. आधी बॅटरीच्या खांबावर व्होल्ट मोजा, मग लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जॉइंट खराब. समजा फरक ०.७ निघाला, तर बॅटरी १२ ला असताना इन्व्हर्टरला ११.३ दिसतंय आणि तो उगाच ओरडतोय. दहा मिनिटं लोड चालवून बंद करा आणि एकेका जॉइंटजवळ हात नेऊन बघा, जो गरम लागेल तोच चोर.

पॅनलच्या वायरचं पण तसंच. अडीच स्क्वेअर एमएमची घरगुती वायर पाच मीटर, जाऊन-येऊन दहा, त्यातून १० अँपिअर गेले तर पाऊण व्होल्ट वायरमध्येच संपतो. सहा स्क्वेअरची टाकली तर ०.३. बॅटरीला भरायला १४.४ लागतात, तिथं पाऊण व्होल्ट म्हणजे खूप.

*गुपचूप ओढणारं कोण.* सगळं बंद करा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह वायरच्या मध्ये जोडा. मीटर असा लावलेला असताना इन्व्हर्टर किंवा मोठा लोड चालू करायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. पॅनलवर जाड सोलापुरी चादर टाकून ते झाकून घ्या म्हणजे सोलरचा करंट मध्ये येणार नाही. ०.०५ च्या आत असेल तर चिंता नाही. अर्धा-एक अँपिअर दिसला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यानं आकडा खाली पडतो ती लाइन. बहुतेक वेळा चालू राहिलेला इन्व्हर्टर, स्वस्त यूएसबी सॉकेट किंवा म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर निघतो. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ एएच, तुमच्या डीसी फॅनची निम्मी रात्र.

*पॅनल खरंच देतंय का.* नुसता व्होल्ट बघून फसू नका. धुळीनं माखलेलं पॅनलपण मोकळ्या वायरला २०-२१ व्होल्ट दाखवतं. कंट्रोलरवर अँपिअर बघा, सकाळी अकरा-बाराला, बॅटरी निम्मी असताना. १६५ वॉटचं पॅनल सात-आठ अँपिअर द्यायला हवं. बॅटरी भरलेली असेल तर कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो, त्या वेळचा आकडा धरू नका.

इथं एक गोष्ट बऱ्याच गाड्यांत सापडते. कुणाच्या तरी घराच्या छतावरचं ३३५ वॉटचं मोठं पॅनल स्वस्तात मिळतं म्हणून आणलं जातं आणि पाचशेच्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर जोडलं जातं. ते पॅनल काम करतं ३८ व्होल्टला आणि पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या व्होल्टला खाली ओढतो, करंट मात्र तेवढाच, नऊ अँपिअर. म्हणजे ३३५ मधले ११५-१२० वॉटच हातात येतात, बाकीचे पैसे छतावर नुसते वाहून नेताय. अशा पॅनलला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचा जास्तीचा व्होल्ट करंटमध्ये बदलून देणारा) लागतोच. घेताना तो खरा एमपीपीटी आहे का तपासा, हातात अगदी हलका आणि किमतीत अगदी स्वस्त असेल तर वर काहीही छापलेलं असो, आत पीडब्ल्यूएम असतो.

कंट्रोलरची सेटिंगपण बघून घ्या. बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय का, १४.४ पर्यंत चढवून मग १३.६-१३.८ वर धरतोय का. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक उलटी अडचण येते: गरम बॅटरीला कमी व्होल्ट लागतो. साधारण ४५ अंशाला ०.४ व्होल्ट कमी. ज्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नाही तो मेमध्येपण थंडीतलाच व्होल्ट देत राहतो आणि बॅटरी पाणी उकळून टाकते. म्हणून एप्रिल ते जून १४.४ चं १४.१ करा, पाऊस सुरू झाला की परत.

*गाडीवरचं चार्जिंग.* इंजिन चालू करून गाडीच्या बॅटरीवर व्होल्ट बघा, १३.८ ते १४.४ आलं पाहिजे. मग दुसऱ्या बॅटरीवर बघा, रिले जोडला असेल तर तिथंपण जवळपास तेवढाच. रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. इंजिन बंद करून काही वेळानंपण दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्ट सारखाच हलतोय तर रिले चिकटलाय. दुसऱ्या बॅटरीवर व्होल्ट पोचतच नसेल तर आधी अर्थिंगचा बोल्ट बघा, रंगावरच आवळलेला असतो किंवा गंजलेला, खरवडून पत्रा उघडा करून आवळा.

आणि अपेक्षा किती ठेवायची तेपण सांगतो. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, तासाभराचा रस्ता. तेवढ्यात रिलेवरून दहा-पंधरा एएच गेले तरी पुष्कळ. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा वीस टक्के भाग फार सावकाश घेते, त्याला तीन-चार तास लागतात, कितीही जोरात गाडी पळवली तरी. दर्शनाला जाऊन आलो तरी बॅटरी भरली नाही ही तक्रार म्हणूनच चुकीची आहे.

आता बॅटरीकडं

वरचं सगळं ठीक निघालं तरच इथं या. झाकणं उघडताना डोळ्यावर चष्मा, हातात ग्लोव्हज, जुने कपडे. बिडी-सिगारेट, अगरबत्ती, गॅस काहीही जवळ पेटलेलं नको, चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. त्याच कारणानं बॅटरीच्या पेटीतून बाहेर जाणारी नळी पाहिजेच, आपण तिच्याशेजारी झोपतो. ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्या भिंतीला चिकटून बॅटरी ठेवली असेल तर जागा बदला, सतत २५ अंशाच्या वर दर दहा अंशाला आयुष्य साधारण निम्मं होत जातं.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, बाटलीतलं नाही, नळाचं तर नाहीच. चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा, चार्जच्या आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकं आधी घाला, चार्ज करा, मग लेव्हल करा.

मग बॅटरी एकदा बाहेरून पूर्ण भरून आणा. बॅटरीच्या दुकानात थोडे पैसे घेऊन दिवसभर चार्जिंगला ठेवतात. ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण इथं भरणं आणि धरणं वेगळं होतं. भरून आणली, काही न जोडता रात्रभर ठेवली. सकाळी १२.६ आहे? चांगलं. १२.४ च्या खाली आपोआप आली? आत गळती आहे. चांगली निघाली तर जुना हेडलाइटचा बल्ब जोडा, ५५ वॉटचा, साडेचार अँपिअर खातो. फरशीवर ठेवा, गादीपासून लांब, फार तापतो. पाच तासांनी काढून तासभर थांबून मोजा. १०० एएचची बॅटरी १२.४ च्या आसपास असायला हवी, १५० ची त्याच्याही वर. ११.९ दाखवत असेल तर तिची टाकी लहान झालीय.

हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट आहे ते मोजायची नळी) दीड-दोनशेला मिळतो. सहाही सेल मोजा, पूर्ण चार्जनंतर. आकडा किती यापेक्षा सहांत फरक किती ते बघा. पाच सेल १२४० दाखवतात आणि एक ११८० वर असेल तर तो सेल गेला, आणि एक सेल गेला म्हणजे बॅटरी गेली. आता खुशाल नवी घ्या. वॉरंटी कार्ड आधी शोधा, वॉरंटीत असेल तर स्वतः काहीही खोलू नका, तशीच घेऊन जा.

लिथियम असेल तर

लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये वरचे व्होल्टचे आकडे विसरा, ती बराच वेळ १३.२-१३.३ वरच बसते आणि शेवटी एकदम पडते. अचानक सगळं बंद होणं म्हणजे आतल्या बीएमएसनं (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटनं) तोडलं. बंद गाडी उन्हात असेल तर आतलं तापमान इतकं चढतं की बीएमएस चार्जिंगच घेत नाही, दुपारी खिडक्या उघडून, बॅटरीवर हवा खेळती ठेवून करंट सुरू होतो का ते बघा. ती पेटी उघडायची नाही, कधीच नाही.

इथं हात थांबवा

बॅटरी फुगलीय, हात लावता येत नाही इतकी गरम आहे, किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास येतोय: सगळे दरवाजे उघडा, गाडीतून बाहेर या. वास असताना कुठलंही बटण चालू-बंद करू नका. हवा खेळून वास गेल्यावर, बाहेरूनच शक्य असेल तर चार्जिंग तोडा, आणि बॅटरीवाल्याला बोलवा. त्या रात्री गाडीत झोपू नका.

वायरचं आवरण वितळलंय, फ्यूज बदलला की परत उडतोय: मोठा फ्यूज टाकायचा नाही. कुठंतरी वायर पत्र्याला घासतेय, ती शोधायला ऑटो इलेक्ट्रिशियन पाहिजे.

इन्व्हर्टर चालू असताना गाडीच्या पत्र्याला झिणझिण्या येतात: हे २३० व्होल्ट आहे, १२ नाही. इन्व्हर्टर बंद, आणि ज्याला घरगुती वायरिंग आणि गाडी दोन्ही कळतं अशाच माणसाला दाखवा.

डोळ्यात ॲसिड गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुत राहा आणि तसंच दवाखान्यात.

इंजिन चालू असताना १३ च्या वर जात नाही, किंवा १५ ओलांडतंय: अल्टरनेटरचं काम. सेल्फ-डायनामोवाल्याकडं जा. नव्या बीएस-६ गाडीत वायर तोडून प्रयोग करू देऊ नका, कॉम्प्युटरचा खर्च बॅटरीपेक्षा मोठा असतो.

कारागीर शोधताना हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला, जिथं ट्रक थांबतात तिथं विचारा, ट्रकच्या वायरिंगवर रोज हात असलेल्या माणसाला बारीक-जाड वायरचा फरक समजावून सांगावा लागत नाही. सकाळी लवकर जा. तीन दिवसांची वही बरोबर न्या आणि "बॅटरी बघा" असं म्हणू नका, म्हणा की "संध्याकाळी १२.७ असतंय, सकाळी ११.८, बंद असताना ०.०४ ओढतंय, बॅटरी बाहेरून भरून बघितलीय." आणि काम सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगा: फ्यूज काढून वायर डायरेक्ट करायची नाही. तो म्हणाला काही होत नाही, तरी नाही.